शिक्षणासाठी तात्पुरती बाहेर

वेंडेल टर्वोने आपला कराचा रिटर्न आयुष्यात कधी बाहेरच्या माणसाकडून भरून घेतला नव्हता. दर हिवाळ्यात एखाद्या रविवारी जेवण झालं की तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, त्यातला कर भरायचा प्रोग्रॅम विचारेल त्याला हो किंवा नाही म्हणत जायचा आणि कॉफी गार व्हायच्या आत मोकळा व्हायचा. अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते विभागात तो बर्फ हटवायचा ट्रक चालवत असे. पगार एकाच ठिकाणचा, घर स्वतःचं, बायको कारिन जाऊन सात वर्षं झालेली, आणि मुलगी एकच, सिग्ने. आपल्या हिशेबात लपवण्यासारखं काही नाही आणि कुणाला विचारण्यासारखंही काही नाही, अशी त्याची समजूत होती.

त्या वर्षी लॅपटॉपनेच मान टाकली. नवीन घ्यायचं त्याच्या मनात नव्हतं. थोरली बहीण आर्लीन म्हणाली, वाचनालयाच्या तळघरात शनिवारी फुकट रिटर्न भरून देतात, तिकडे जा. वेंडेल टाळाटाळ करायला लागला तेव्हा तिने विचारलं, फुकट आहे म्हणून लाज वाटतेय की तिथे रोझालिन बसते म्हणून?

रोझालिन डुफ्रेन शाळेत त्याच्या वर्गात होती. पोस्टातून निवृत्त झाल्यावर ती दर वर्षी कर भरायचं प्रशिक्षण घेऊन स्वयंसेवक म्हणून हे काम करायची. सहावीत असताना वेंडेलने तिच्या बुटात बर्फ भरून ठेवला होता आणि ती गोष्ट ती अजून चारचौघांत सांगायची. तरी तो गेला.

तळघरात लहान मुलांच्या चित्रांखाली तीन टेबलं मांडलेली होती. रोझालिनने त्याचे कागद ओढून घेतले, चष्मा नाकावर खाली आणला आणि एकेक गोष्ट विचारत गेली. मुलीपाशी येऊन थांबली.

"सिग्ने. वय बावीस. काय करते?"

"शिकते. स्कॉटलंडला. यंदा शेवटचं वर्ष."

"काय शिकते?"

"खडक," वेंडेल म्हणाला. "आपल्या घरामागे तांब्याच्या खाणींचे ढिगारे पडलेत. ते सोडून ही समुद्रापार खडक बघायला गेली."

"मग करात फीची सवलत घेतोस ना दर वर्षी?"

"ती परदेशातल्या विद्यापीठाला नसते."

"कुणी सांगितलं तुला?"

तसं वेंडेलला कुणीच सांगितलं नव्हतं. लॅपटॉप दर वर्षी विचारायचा, कॉलेजकडून फीचा अमुक फॉर्म आलाय का, आणि फॉर्म काही आलेला नसायचा, म्हणून तो नाही म्हणायचा. पुढचा प्रश्न यायचा. एवढंच.

रोझालिनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो फॉर्म इथली कॉलेजं पाठवतात, ती म्हणाली. तिकडच्या विद्यापीठांवर तशी सक्ती नाही. पण आपल्या सरकारच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव असलं, म्हणजे आपल्या मुलांना तिथे शिकायला सरकारी कर्ज मिळत असलं, तर सवलत मिळते. फॉर्म नसला तरी फीच्या पावत्या चालतात. तिने संगणकावर यादी काढली आणि किर्कहेवन विद्यापीठ शोधलं. ते होतं. कितीतरी वर्षांपासून होतं.

मग तिने वेंडेलला नीट समजावून सांगितलं. पदवीची पहिली चार वर्षं, वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार डॉलर. या वर्षीचं आत्ताच घेता येईल. मागच्या तीन वर्षांचे रिटर्न दुरुस्त करून पाठवता येतील, पण त्यातल्या सगळ्यात जुन्याची मुदत एप्रिलच्या मध्यावर संपते. त्यानंतर ते पैसे विसरायचे.

"सगळा खर्च धरतात?" वेंडेलने विचारलं.

"फी आणि पुस्तकं."

"खोलीचं भाडं?"

"नाही."

"विमानाचं तिकीट?"

"नाही."

"तिथे रोज पाऊस पडतो म्हणून तिने दोन रेनकोट घेतलेत."

"वेंडेल, फी आणि पुस्तकं."

मग तिने सिग्नेच्या कमाईचं विचारलं. सिग्ने सुट्टीत आणि शनिवार-रविवारी एका संग्रहालयात काम करायची, गटांना घेऊन किनाऱ्यावर जायची. आकडा ऐकून रोझालिन म्हणाली की फी फक्त तुझ्यावर अवलंबून असलेल्या मुलीचीच धरतात, आणि एवढी कमाई असेल तर मुलगी तुझ्यावर अवलंबून आहे हे दाखवायला एकच वाट उरते. तिचं घर म्हणजे तुझं घर, आणि ती शिक्षणासाठी तात्पुरती बाहेर आहे. कायद्याच्या दृष्टीने अशी मुलगी घरातच राहते असं धरतात. अट एवढीच, की शिक्षण संपल्यावर ती परत येणार आहे.

"येणार आहे ना?"

"येणारच की," वेंडेल म्हणाला. "नाहीतर कुठे जाणार?"

रोझालिन म्हणाली, मग काही अडचण नाही. विद्यापीठाचा आपल्या कर खात्याकडचा नोंदणी क्रमांक लागेल, पावत्या लागतील, आणि तिच्याकडून दोन ओळी लिहून घे की मी शिक्षणापुरती बाहेर आहे आणि संपल्यावर घरी येणार आहे. पाठवायच्या नाहीत, पण उद्या चौकशी आलीच तर हाताशी असाव्यात.

घरी जाताना वेंडेल खुशीत होता. सिग्नेची फी बरीचशी कारिनच्या विम्यातून भरली गेली होती. ते पैसे खर्च करणं दर वेळी त्याच्या जिवावर यायचं, आणि आता त्यातले काही परत येणार म्हणजे कारिननेच काहीतरी धाडलं, असं त्याला वाटत राहिलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आर्लीनला फोन करून एवढंच सांगितलं, की रोझालिनने बुटाची गोष्ट आज काढली नाही.

बापलेकीचा फोन रविवारी व्हायचा. त्याच्याकडे दुपार, तिच्याकडे संध्याकाळ. सिग्ने चार मुलींबरोबर राहायची आणि तिच्यामागे कायम कुणीतरी भांडी वाजवत असायचं. वेंडेलने सगळं सांगितल्यावर ती हसली. तीन वर्षं आपण हे असंच सोडून दिलं, असं म्हणाली. पावत्या आणि तो क्रमांक उद्याच मिळवते, फीच्या ऑफिसात एक बाई आहे, तिच्याकडे अमेरिकन मुलांची रांगच लागलेली असते या दिवसांत.

"आणि दोन ओळी लिहून पाठव," वेंडेल म्हणाला. "की तू शिक्षणापुरती तिकडे आहेस आणि झालं की घरी येणार आहेस. रोझालिनला हवंय."

सिग्नेने मागच्या मैत्रिणीला भांडी जरा हळू वाजवायला सांगितलं. मग म्हणाली, बरं, बघते.

पावत्या मंगळवारी आल्या. क्रमांकही आला. विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्रसुद्धा आलं, की ही मुलगी पूर्ण वेळ पदवीसाठी शिकते. त्या दोन ओळी मात्र आल्या नाहीत. वेंडेलने गुरुवारी आठवण करून दिली. शुक्रवारी रात्रभर बर्फ पडला आणि शनिवारचा सगळा दिवस त्याचा ट्रकवरच गेला, म्हणून वाचनालयात जाणं राहिलं. रविवारी त्याने फोन लावला तेव्हा मागे भांडी वाजत नव्हती. सिग्ने स्वतःच्या खोलीत दार लावून बसली होती.

"बाबा, ते मला लिहिता येणार नाही."

"दोनच तर ओळी आहेत."

"दोन ओळींचा प्रश्न नाही. त्या खऱ्या नाहीत."

मग तिने सांगितलं. स्कॉटलंडच्याच उत्तरेकडे एक संस्था होती, किनाऱ्याची धूप कुठे किती होते, कुठली वस्ती कधी हलवावी लागेल, याचा अभ्यास करणारी. डिसेंबरच्या सुट्टीआधी सिग्नेने तिथे अर्ज केला होता, मिळणार नाही असं धरून. जानेवारीत त्यांनी बोलावलं, आणि दोन आठवड्यांनी नोकरी देऊ केली. सप्टेंबरपासून. ती हो म्हणाली होती. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून नाही. तिला तिथेच राहायचं होतं.

"जानेवारीत," वेंडेल म्हणाला.

"जूनमध्ये घरी येऊन सांगणार होते. समोर बसून. फोनवर सांगायचं नव्हतं."

"आणि मी हे कराचं विचारलं नसतं तर?"

"तर जूनमध्ये सांगितलं असतं," सिग्ने म्हणाली. "मी खोटं बोलले नाही तुझ्याशी. फक्त बोलले नव्हते."

अभिनंदन म्हणायला हवं होतं, एवढं वेंडेलला कळत होतं. तो म्हणाला, इथे परत बर्फ सुरू झालाय, मला निघावं लागेल. बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं होतं.

पुढच्या रविवारी त्याने फोन केला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सिग्नेचे निरोप यायचे, जेवलास का, गुडघा कसा आहे, आणि तो एकेका शब्दात उत्तर द्यायचा. कामावर तो नेहमीसारखाच होता. फक्त सोबतचा ड्रायव्हर एक दिवस म्हणाला की वेंडेल, तू लोकांच्या रस्त्याकडेच्या पत्रपेट्या पाडत चाललायस, आज तिसरी. आपल्या नोकरीत त्याने कधी कुणाची पत्रपेटी पाडली नव्हती. त्याने तिन्ही घरी जाऊन माफी मागितली आणि संध्याकाळी स्वतः खांब ठोकून दिले.

राग नक्की कशाचा येतोय हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मुलीने नोकरी मिळवली, ती तिला आवडीची, यात रागावण्यासारखं काही नव्हतं. पण इतकी वर्षं तो घरात ज्या गोष्टी करत होता त्या सगळ्या एका समजुतीवर चालल्या होत्या. गॅरेजवरच्या खोलीला त्याने मागच्याच उन्हाळ्यात नवी खिडकी बसवली होती. तिथे सिग्ने राहील, गावातल्या कॉलेजात किंवा खाणीच्या संग्रहालयात कुठेतरी लागेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. तिला कधी विचारलं नव्हतं. त्याला विचारावंसंच वाटलं नव्हतं, आणि हे लक्षात आल्यावर त्याचा राग कमी होण्याऐवजी वाढला.

आर्लीन बुधवारी मटण-बटाट्याचं सारण भरून भाजलेल्या पास्ट्या घेऊन आली. तिला सगळं कळलं होतं, कारण सिग्नेने आत्याला फोन करून रडून घेतलं होतं. आर्लीनचं म्हणणं सरळ होतं. पोरीला फोन कर. आणि त्या ओळी तूच टाइप कर आणि तिचं नाव घाल. दहा हजार डॉलर आहेत. सरकार काय माणूस पाठवणारे का बघायला, की सिग्ने टर्वो खाटेवर झोपलीय की नाही?

"ती नाही म्हणाली," वेंडेल म्हणाला.

"ती लहान आहे. तिला काय कळतंय."

"बावीस वर्षांची आहे. तिला कळतं म्हणूनच नाही म्हणाली."

गेल्या दोन आठवड्यांत तो मुलीच्या बाजूने पहिल्यांदाच बोलला होता. आर्लीनने आणखी एक पास्टी त्याच्या ताटात टाकली आणि विषय सोडला. ती गेल्यावर वेंडेलने ताटल्या विसळल्या. खोटं लिहायचा मोह त्याला झाला नाही असं नाही. रोझालिनने विचारलं तेव्हा तो येणारच की म्हणाला होता, आणि तेव्हा ते त्याच्या दृष्टीने खरंच होतं. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण मग रिटर्नवर सही करताना तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागणार होतं, सगळं माहीत असून. आणि सिग्नेला कळलं असतं की आपण नाही म्हटलेलं बापाने आपल्या नावाने लिहिलं.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी तो वाचनालयात गेला. रोझालिनपुढे पावत्यांची जाडजूड चळत ठेवली आणि म्हणाला, हे सगळं आणलंय, पण उपयोग नाही. ती परत येणार नाही.

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे?"

"तिने हे ठरवलं कधी?"

वेंडेलने सांगितलं. अर्ज डिसेंबरमध्ये, नोकरी जानेवारीत, हो म्हणाली ते जानेवारीच्या शेवटी. रोझालिनने ते लिहून घेतलं. तिला घाई नव्हती. मागे रांगेत चार माणसं होती आणि त्यातला एक उगाचच खोकत होता, पण तिने लक्ष दिलं नाही.

"आपण रिटर्न कुठल्या वर्षाचा भरतोय?"

"गेल्या."

"आणि दुरुस्त्या?"

"त्याच्या आधीच्या."

"मग जानेवारीत तिने काय ठरवलं त्याच्याशी या कागदांचा काय संबंध? गेल्या डिसेंबरअखेरपर्यंत ती परत येणार होती का, तेवढं मला सांग. अर्ज केला म्हणजे जायचं ठरवलं असं नसतं. मीसुद्धा एकदा फ्लोरिडाला बदली मागितली होती."

वेंडेल म्हणाला, मला वाटत होतं येणार होती. पण मला पुष्कळ गोष्टी वाटत होत्या.

"मग तुझं वाटणं राहू दे," रोझालिन म्हणाली. "तिला विचार. तिला खरं वाटेल तेच तिने लिहावं. येणार नव्हतेच म्हणाली तर त्या वर्षाचं सोडून द्यायचं. आणि पुढच्या वर्षीपासून मात्र तिचं नाव तुझ्या रिटर्नवर येणार नाही, ते लक्षात ठेव."

शेवटचं वाक्य तिने सहज म्हटलं. वेंडेलने मान हलवली. गाडीत जाऊन बसल्यावर मात्र त्याला किल्ली फिरवायला थोडा वेळ लागला. सिग्ने जन्मली त्या वर्षी कारिनने हाताने फॉर्म भरला होता आणि मुलीच्या नावाची ती ओळ लिहिताना मोठ्याने वाचून दाखवली होती, हे त्याला आठवलं.

त्याने रविवारची वाट बघितली नाही. तिथूनच फोन लावला. सिग्ने कुठेतरी रस्त्यावर होती, वाऱ्याचा आवाज येत होता. आधी तो गुडघ्याबद्दल बोलला, मग पत्रपेट्यांबद्दल. ती हसली नाही. मग त्याने रोझालिनचा प्रश्न जसाच्या तसा विचारला.

सिग्ने वाऱ्यातून कुठेतरी आडोशाला गेली असावी, कारण आवाज एकदम स्पष्ट झाला.

"डिसेंबरमध्ये मी येणार होते," ती म्हणाली. "खरंच. खाणीच्या संग्रहालयात मी पत्र टाकलं होतं, त्यांचं उत्तरही आलं होतं. मी तुला ते सांगणार होते, पण मग इकडचं बोलावणं आलं. आणि तिकडे जाऊन मी त्या लोकांबरोबर एक दिवस किनाऱ्यावर फिरले, तेव्हा मला कळलं. त्याआधी नाही."

"मग तसं लिही. जसं झालं तसं."

"जानेवारीचंही लिहू?"

"लिही."

"तुला चालेल?"

वेंडेल म्हणाला, मला चालायचा प्रश्न कुठून आला. मग ते त्याचं त्यालाच कडवट वाटलं. तो म्हणाला, "सिग्ने, चांगली नोकरी आहे ना?"

"खूप चांगली आहे, बाबा."

"मग झालं तर. मी त्या दिवशीच म्हणायला पाहिजे होतं."

"हो," सिग्ने म्हणाली. "म्हणायला पाहिजे होतंस."

तिने लिहिलेलं पानभर होतं. पहिल्या वर्षी आपण एकाच बाजूचं तिकीट काढलं तरी खोलीतलं काहीच आवरलं नव्हतं, दर उन्हाळ्यात आपण घरीच यायचो, आपलं मतदानही गावातच आहे, दातांचा डॉक्टरही तिथलाच आहे, असं सगळं तिने क्रमाने लिहिलं होतं आणि शेवटी जानेवारीत काय बदललं तेही. रोझालिनने वाचून म्हटलं, एवढं नको होतं, पण असू दे. चारही रिटर्न मुदतीच्या आठवडाभर आधी गेले. सही करताना वेंडेलचा हात थांबला नाही.

या वर्षीचे पैसे मेमध्ये आले. जुन्या वर्षांचे यायला उशीर लागेल, सहा महिनेही लागतील, असं रोझालिनने सांगितलंच होतं. वेंडेलने आलेल्या पैशांतून स्कॉटलंडचं तिकीट काढलं. पदवीदान जुलैच्या सुरुवातीला होतं. सिग्नेने आधी येऊ नको म्हटलं होतं, एवढा खर्च कशाला, त्याचा गुडघा, विमानात आठ तास. त्याने तिकीट काढल्यावरच तिला कळवलं. आर्लीनने त्याला एक सूट विकत घ्यायला लावला, कारण जुना कारिनच्या अंत्यविधीचा होता आणि तो घालून जाऊ नये असं तिचं म्हणणं पडलं.

पदवीदान दोन तास चाललं. नावं वाचणाऱ्या माणसाने टर्वोचा उच्चार चुकवला. वेंडेलने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, सिग्नेच्या मैत्रिणींच्या आईवडिलांशी हवामानाबद्दल बोलला. या गोष्टी त्याला जमत होत्या. सिग्नेने दोन वेळा त्याच्याकडे बघून विचारलं की कंटाळा आला का, आणि तो दोन्ही वेळा नाही म्हणाला आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला बसने उत्तरेकडे घेऊन गेली, जिथे नोकरी होती तिथे. रस्ता एकाच गाडीपुरता होता. वेंडेल खिडकीशी बसून खड्डे कसे बुजवलेत ते बघत होता. काम चांगलं होतं, फक्त कडेच्या चऱ्या कुणी साफ केलेल्या नव्हत्या. किनाऱ्यावर सिग्नेने त्याला एका तांबूस खडकापाशी नेलं आणि सांगितलं की हा भाग आणि आपल्या गावाजवळच्या सरोवराकडचा भाग फार पूर्वी एकाच भूखंडात होते. मध्ये समुद्र नंतर आला.

"हे तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस?"

"नाही, परीक्षेत विचारतात."

तो खडकावर बसला. वारा इतका होता की बोलायला ओरडावं लागत होतं, म्हणून दोघं फारसं बोलले नाहीत.

गाडी घेण्याची गोष्ट संध्याकाळी निघाली. नोकरीसाठी सिग्नेला गाडी लागणारच होती. गावातल्या एका माणसाकडे एक जुनी लाल गाडी तिने ठरवत आणली होती, स्वस्त होती आणि तिला रंग आवडला होता. वेंडेल म्हणाला, उद्या बघू. सकाळी त्या माणसाच्या अंगणात वेंडेलने नव्या सुटाचा कोट काढून सिग्नेच्या हातात दिला, एक जुना पुठ्ठा मागून घेतला आणि पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. मालक आणि सिग्ने वरती उभे राहिले. खालून आधी ठोकल्याचा आवाज आला, मग गंजाचे पापुद्रे पडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही.

बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची वाट लागली होती. मिठाने खाल्लीय खालून, त्याने सिग्नेला सांगितलं, इथे समुद्र आहे म्हणून जास्तच. दोन हिवाळे निघणार नाहीत. मालक म्हणाला की गाडीने नुकतीच सरकारी तपासणी पास केली आहे. वेंडेलने बोटावरचा गंजाचा चुरा त्याला दाखवला.

दोन दिवस ते गाड्या बघत फिरले. वेंडेलने आणखी तीन गाड्यांखाली अंग घातलं. सिग्ने पुठ्ठा घेऊन मागे चालायची आणि लोकांना सांगायची की हे माझे वडील, हे अमेरिकेहून आलेत, हे आधी खालून बघतात. चौथी गाडी राखाडी रंगाची होती, एका निवृत्त परिचारिकेची, गॅरेजमध्ये ठेवलेली. सिग्नेला ती मुळीच आवडली नव्हती. वेंडेल खालून बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, ही घे. ही बारा-पंधरा वर्षं चालेल.

"बारा-पंधरा?" सिग्ने म्हणाली.

"नीट ठेवलीस तर. दर शरदात खालून तेलाचा हात मारायचा. मी दाखवतो कसा."

त्याने तिथेच अंगणात दाखवलं. तिनेही पाठीवर झोपून बघितलं, आणि परिचारिकाबाईंनी दोघांना चहा आणून दिला तो त्यांनी गाडीखालून बाहेर न येताच प्यायचा प्रयत्न केला.

विमानतळावर तिने त्याला त्याच गाडीतून नेलं. डाव्या बाजूने चालवताना ती मुळीच अडखळत नव्हती. वेंडेलने दोन वेळा पायाने नसलेला ब्रेक दाबला. पोचल्यावर त्याने बॅग काढली, मागच्या टायरवर हाताने थाप मारून हवा बघितली आणि म्हणाला की पुढच्या उन्हाळ्यात येईन तेव्हा त्या रस्त्याच्या चऱ्या साफ झाल्या आहेत का ते बघेन.

"पुढच्या उन्हाळ्यात?" सिग्नेने विचारलं.

"की तू येणारेस?"

"मी ख्रिसमसला येतेय. तू उन्हाळ्यात ये."

वेंडेल म्हणाला, ठीक आहे. तो आत गेला तेव्हा सिग्नेची गाडी अजून थांबायला मनाई असलेल्या जागेत उभी होती आणि एक पोलीस तिच्याकडे चालत येत होता. काचेतून वेंडेलला ती खिडकी खाली करून काहीतरी समजावताना दिसली. मग पोलीस हसला आणि त्याने तिला हाताने पुढे जायची खूण केली.